२९ मे : दारासिंग यांची लू थेझवर मात

१९६८ : मुंबईतील फ्रीस्टाइल कुस्तीत दारासिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवले आणि जगज्जेते म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. खरे तर जागतिक किताब १९६६ मध्येच थेझकडून जीन किनिस्कीकडे गेला होता. पण थेझला चीत करणे हीच केवढी गोष्ट! अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावच्या या पैलवानाचे नाव आधी सिंगापूर-मलायात झाले. धाकटे बंधू रंधावाही याच आखाड्यातले. पुढे दोघेही हिंदी चित्रपटांत आले. ‘फौलाद’मध्ये (१९६३) दारासिंग यांची नायिका होती मुमताज; रंधावांचे लग्न झाले तिच्याच बहिणीशी, मल्लिकाशी. दारासिंग यांनी मात्र १९८३ पर्यंत आखाडा सोडला नाही.