घाट, फॅन बेल्ट आणि विजेचा पंप

परतवाड्याहून निघालेला रस्ता घटांगच्या बाजूला डोंगरात शिरला की इंजिनाची परीक्षा सुरू होते. पुढे सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी. मेळघाटचा चढ रेल्वेलाही सोपा गेला नाही. अकोला-खंडवा मीटरगेजला धुळघाटाजवळ स्वतःच्याच रुळांवरून वेढा घेत उंची गाठावी लागली. त्यात वऱ्हाडचा मे महिना, म्हणजे अकोल्यात पारा 45 च्या पुढे. शिवाय चिखलदऱ्याच्या सुमारे 1,100 मीटर उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळू लागते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते म्हणून बरे. गरम गाडीचे तेच झाकण उघडणाऱ्याचा हात मात्र भाजतो.

सुरुवातीच्या मोटारींपैकी अनेकींना पाण्याचा पंपच नव्हता. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पहिल्या काही गाड्यांपुरता पंप होता, मग कंपनीने तो काढून टाकला. गरम पाणी वर चढते, थंड खाली येते, एवढ्या भरवशावर इंजिन चालायचे. सपाटीवर हे खपून जाई. चढावर पाणी उकळे आणि ड्रायव्हर डबा घेऊन ओढा शोधत फिरे.

महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तिच्यात पंप होता. साधारण 60 अश्वशक्तीच्या त्या इंजिनावर एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो असे तिघे फिरवी. पट्टा तुटला की वारा, पाणी आणि वीज तिन्ही एकदम बंद. म्हणून जंगलवाटेला निघणारा शहाणा ड्रायव्हर सीटखाली जादा फॅन बेल्ट आणि मागे पाण्याचा कॅन ठेवी. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करायचे नाही, हा ड्रायव्हर लोकांचा दंडकही याच पट्ट्यातून आला. इंजिन थांबले की पंप थांबतो, पण हेडच्या लोखंडातली उष्णता जागच्या जागीच राहते आणि साचलेले पाणी तिथेच उकळते. हेड गॅस्केट उडण्यापेक्षा चहा येईपर्यंत गाडी चालू ठेवलेली परवडते.

शर्यतीच्या गाडीचे दुखणे नेमके उलटे. पट्ट्यावरचा पंप इंजिनाच्या वेगाने फिरतो, आणि वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती साधारण आठपट होते. मिनिटाला सात हजार फेऱ्यांना तो चाकांची ताकद खातो. पाण्यात बुडबुडे धरले की ढकलतोही कमी. मग पिटमध्ये गाडी उभी राहते, इंजिन मंदावते, आणि गरज सर्वांत जास्त असताना पंपही मंदावतो.

म्हणून शर्यतवाल्यांनी विजेचा पंप बसवायला सुरुवात केली. मेलबर्नच्या डेव्हिस क्रेग कंपनीचे तयार संच त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यातला एक मिनिटाला 115 लिटर पाणी फिरवतो. काम दिसते त्याहून नाजूक आहे. जुन्या पंपातले पाते काढून टाकायचे, नवा पंप रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये, शक्य तितका खाली बसवायचा, म्हणजे त्यात हवा अडकत नाही. थर्मोस्टॅट काढायचा, कारण पाणी किती फिरवायचे ते आता सेन्सर पाहून कंट्रोलर ठरवतो. जाड वायर, रिले, फ्यूज हवेतच. चावी काढल्यावरही पंप काही मिनिटे चालू राहतो. ड्रायव्हरचा जुना दंडक यंत्रच पाळते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने ही अदलाबदल विहिरीवर कधीच केली आहे. तिथले ऑइल इंजिन गेले, 'मोटर' आली. आणि लोडशेडिंगच्या दिवसांत पुन्हा त्या इंजिनाची आठवण निघाली. गाडीतही तीच मेख. अल्टरनेटर बंद पडला की पंपाचे आयुष्य बॅटरीपुरते. पट्टा सैल झाला की किंचाळून तरी सांगतो. विजेचा पंप गुपचूप बंद पडू शकतो. सेमाडोहच्या जंगलात, पाना आणि टॉर्चवर काम भागवायचे असेल तर जुन्या जीपचा पट्ट्यावरचा पंप काढून विजेचा बसवू नये, असेच म्हणावे लागेल.

कारखान्यांनी मात्र दिशा ठरवली होती. बीएमडब्ल्यूने 2005 च्या आसपास एन-52 या सहा सिलिंडरच्या इंजिनात विजेचा पंप दिला. 2009 च्या टोयोटा प्रियसच्या इंजिनावर एकही पट्टा उरला नाही. आणि पुण्याजवळच्या रांजणगावात बनू लागलेल्या, 2020 साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत तर पट्टा फिरवायला इंजिनच नाही. बॅटरी थंड ठेवणारे पाणी तिथे विजेच्या पंपावर फिरते, आणि गाडी चार्जिंगला उभी असतानाही ते फिरवता येते.