'बाटगे' म्हणण्याआधी

भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत काम करताना आम्ही एक शब्द वारंवार ऐकतो : 'बाटगे'. रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या पूर्वाश्रमीच्या महार-मांग कुटुंबांना तो लावला जातो. पोटासाठी धर्म विकला, असा त्याचा अर्थ. खेद याचा की असे बोलणाऱ्यांत आमचे बौद्ध बांधवही असतात. म्हणून थोडा इतिहास.

१८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मांग मुलगी मुक्ता साळवे हिने विचारले, आमचा धर्म कोणता? तिचा निबंध छापला तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'ने. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून अहमदनगरात काम करत होते. पुढे त्या जिल्ह्यातील हजारो अस्पृश्यांनी मुक्ताच्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तात शोधले.

दुष्काळात मिशनने धान्य दिले, हे खरे. पण नुसत्या धान्यासाठी कोणी पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कार सोसत नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ होई, त्यांना देवासमोर ताठ उभे राहता आले, त्यांच्या लेकरांच्या हाती पाटी आली. हा आत्मसन्मान भीक नव्हे.

यातही जात आलीच. पंडिता रमाबाई आणि ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनाही छळ सोसावा लागला. पण आज साहित्याचा इतिहास त्यांना मानाने स्मरतो. नगरच्या महार ख्रिस्त्याच्या वाट्याला मात्र 'बाटगा' हा एकच शब्द.

चर्चमध्ये जात टिकली आणि ख्रिस्ती समाज राजकीय लढ्यापासून दूर राहिला, अशी टीका बाबासाहेबांनी केली. ती आम्हाला मान्य आहे. पण टीका वेगळी, हेटाळणी वेगळी.

आता कायदा पाहा. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. गावात जातीवरून मार खाल्ला तरी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण त्यांना मिळत नाही. गाव जात विसरत नाही, कायदा मात्र ती पुसली गेली असे मानतो!

धर्म बदलला म्हणून सवलत नाही, हे आपणही १९५६ नंतर केंद्राकडून ऐकले आहे. चौतीस वर्षे! तेव्हा आपल्याला जे अन्यायाचे वाटले, ते शेजाऱ्याच्या बाबतीत न्यायाचे कसे?

आम्ही बुद्धाच्या वाटेने आलो, ते ख्रिस्ताच्या. निघालो मात्र एकाच वेशीबाहेरून.

जयभीम!