असाध्य रुग्ण आणि औषधचाचण्या : संमतीचा प्रश्न

सर्व प्रचलित उपचार थकल्यानंतर एखाद्या रुग्णाने धोकादायक संशोधनात स्वेच्छेने सहभागी होणे कितपत योग्य, हा वैद्यकीय नीतिशास्त्रातील जुना आणि कठीण प्रश्न आहे.

मुंबईतील टाटा स्मारक केंद्र आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधनातून साकारलेल्या कार-टी उपचाराची मानवी चाचणी जून २०२१ मध्ये सुरू झाली. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या पुन्हा शरीरात सोडण्याची ही पद्धत आहे. उपचारांना दाद न देणारा किंवा पुन्हा उद्भवलेला रक्ताचा कर्करोग असलेले रुग्ण या संशोधनात सहभागी झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपचाराला मान्यता मिळाली. २०२५ मध्ये ६४ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परिणाम तपासता आलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना गुण आला. मात्र दोघांचा मृत्यू उपचाराशी संबंधित कारणांनी झाला.

पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य हेतू रोग बरा करणे हा नसून औषधाची सुरक्षितता आणि मात्रा तपासणे हा असतो. आशेवर असलेला रुग्ण मात्र चाचणीलाच उपचार समजतो. उपचार करणारा डॉक्टरच संशोधक असल्यास नकार देणे त्याला आणखी अवघड जाते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा रुग्णांची गणना विशेष संरक्षणाची गरज असलेल्या गटांत केली आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि सहभागी व्यक्तीला केव्हाही माघार घेता येते.

याच नियमांतील भरपाईचे सूत्र मात्र विचार करायला लावणारे आहे. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास ८ लाख रुपयांच्या मूळ रकमेला वय आणि जोखीम यांचे गुणक लावले जातात. सहा महिन्यांपेक्षा अधिक जगण्याची अपेक्षा नसलेल्या रुग्णासाठी जोखीम-गुणक ०.५, तर निरोगी स्वयंसेवकासाठी ४ आहे. म्हणजे समवयस्क असूनही भरपाईत आठपट फरक पडतो. गमावलेले आयुष्य कमी, म्हणून रक्कम कमी, असा यामागील तर्क आहे. परंतु अखेरचे मोजके दिवस कुटुंबासोबत घालवण्याऐवजी संशोधनाला देणाऱ्या रुग्णाच्या त्यागाचे मोल या गुणकात मावत नाही. अशा रुग्णाला संशोधनाचे दार बंद करणे हे संरक्षण नव्हे. त्याला चाचणीचा खरा हेतू समजावून सांगणे आणि नकारानंतरही उपचार व वेदनाशमन चालू राहतील याची हमी देणे, हेच खरे संरक्षण होय.