नऊवारीचं माप

आपल्याकडे बाईनं कसं दिसावं हे एकेकाळी एका पुरुषानं ठरवलं होतं, आणि तो काही सडपातळ नव्हता! बालगंधर्वांबद्दल बोलतेय मी. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. 'मानापमान'मधली भामिनी, 'एकच प्याला'मधली सिंधू... रंगमंचावर त्यांनी जसा पदर घेतला, जसा गजरा माळला, तसाच घरोघरच्या बायका घेऊ-माळू लागल्या.

गंमत पुढेच आहे. वय वाढलं, अंग सुटलं, तरी लोकांनी त्यांना नायिका म्हणून पाहणं सोडलं नाही. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई' चित्रपटात ते मीरा झाले, तेव्हा पन्नाशीला टेकले होते. लोकांनी गाणं ऐकलं, डौल पाहिला, कंबर मोजली नाही.

ही मुभा खऱ्या बायकांना कुठे होती? १९३२ साली दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त आल्या, १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. इकडे घरोघर मात्र मुलगी बघायला आलेली मंडळी तिला चालून दाखवायला सांगतच होती. पुढे वर्तमानपत्रांत 'गोरी, सडपातळ वधू पाहिजे' आलंच.

मला वाटतं, यात कापडाचाही हात आहे. नऊवारीला माप नसतं. आठ मीटरच्या वर कापड, हवं तसं आवळा, हवं तसं सोडा. खाली गाठीची चोळी, तीही सैल-घट्ट होणारी. आमच्या आजीला लग्नातलं लुगडं बाळंतपणानंतरही झालं आणि साठीतही झालं. (तो काळ बायकांच्या सुखाचा होता असं मुळीच म्हणत नाहीये. केशवपनही त्याच काळातलं.) पण निदान कापड तरी तिला 'तू यात बसत नाहीस' असं म्हणत नव्हतं.

आता शिवलेली नऊवारी मिळते. एल, एक्सएल. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी भाचीला घेऊन इथे हाटकेशमध्येच एका दुकानात गेले होते. दुकानदारानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाला, "इनके साइज में नहीं आएगा." तिला नाही, मला! पोरगी १९ वर्षांची. घरी आल्यावर तिनं रात्रीचं जेवण बंद केलं. एक दिवस नाही, चांगले दहा दिवस. ताई रडकुंडीला आली.

शेवटी आईनं ट्रंकेतून आजीचं ते लुगडं काढलं. पुरलं की! उलट निऱ्यांना जास्तच उरलं. पण नेसवायला पाऊण तास लागला, कारण कासोटा नक्की कसा खोचायचा हे आम्हा तिघींपैकी एकीलाही धड आठवेना.