नहपानाच्या नाण्यावर सातकर्णीचा ठसा

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या शक राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर मात्र दुसऱ्याच राजाचं नाव वरून ठोकलेलं होतं: सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी.

नाणं आकाराने लहान, वजन दोन ग्रॅमच्या थोडं वर. एका बाजूला उजवीकडे पाहणारा नहपानाचा मुखवटा आणि कडेने ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठीत त्याचं नाव. सातकर्णीच्या टांकसाळीने त्यावर तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ आणि भोवती आपल्या राजाचं नाव उमटवलं. पाठीमागे उज्जैन चिन्ह. मुखवटा झाकला जावा म्हणून ठसा नेमका बसवण्याची खटपट कुणी केलेली दिसत नाही. कुठे गाल डोंगराखाली जातो, कुठे नाक तसंच वर राहतं.

ही नाणी वितळवून नवी का पाडली नाहीत? माझ्या मते याचं उत्तर नाशिकच्याच पांडवलेण्यांत आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याजातून भिक्षूंना चीवरं मिळायची. म्हणजे शकांची चांदी कोषागारापुरती राहिली नव्हती, ती विणकरांच्या हिशेबात शिरली होती. ती एका रात्रीत खोटी ठरवली असती तर श्रेणी बुडाल्या असत्या. ठसा मारला की पैसा तोच राहतो, धनी बदलतो.

या चांदीमागे व्यापाराचं भांडणही होतं. ‘पेरिप्लस’ हे ग्रीक खलाशाचं प्रवासवर्णन सांगतं की पैठण आणि तगरचा, म्हणजे आजच्या तेरचा, माल गाड्यांतून भडोचला जाई. आणि कल्याणला चुकून आलेलं ग्रीक जहाजसुद्धा पहाऱ्यात भडोचकडे वळवलं जाई. सातवाहनांचं बंदर गळा आवळल्यासारखं बंद आणि घाटावरचं नाशिक, जुन्नर, कार्ले शकांच्या ताब्यात. गौतमीपुत्राच्या युद्धाला हे कारण पुरेसं होतं.

जिंकल्यावर त्याने जमिनीचंही नाण्यासारखंच केलं. राज्याच्या अठराव्या वर्षी, विजयी सेनेच्या छावणीतून, त्याने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठवली: उषवदाताच्या भोगवट्यातलं २०० निवर्तनांचं शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, भिक्षूंना द्यावं. चोविसाव्या वर्षी दुसरी आज्ञा निघाली, तीत राजमातेचंही नाव आहे. पूर्वी दिलेलं शेत कुणी कसत नाही, गाव ओस आहे, म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली १०० निवर्तनं द्यावीत. लढाईचं वर्णन नाही, पडीक शेताची तक्रार आहे, आणि त्या तक्रारीची दखल घेणारा राजा आहे. मला हा जेता इथे सगळ्यात जवळून दिसतो.

या आज्ञा पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात कोरलेल्या आहेत. तिथेच त्याची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, मुलाची थोरवी कोरवून घेतली. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला. तीन समुद्रांची गोष्ट प्रशस्तीची म्हणून सोडून देता येईल. क्षहरातांची येत नाही, कारण जोगलटेंभीच्या हजारो नाण्यांनी आईच्या शब्दाला साक्ष दिली आहे.

विजय टिकला मात्र थोडाच काळ. शकांचं दुसरं घराणं, कार्दमक, उभं राहिलं. त्यातल्या रुद्रदामनाने जुनागढच्या खडकावर कोरलं आहे की दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा हरवलं आणि जवळचं नातं म्हणून जिवंत सोडलं. त्या लेखातलं ७२ हे वर्ष, म्हणजे इसवी सन १५०, शक कालगणनेतलं आहे. पुढे कित्येक शतकांनी त्याच कालगणनेला शालिवाहनाचं नाव चिकटलं आणि शत्रूंचं वर्ष महाराष्ट्राच्या पंचांगात सातवाहनांचं होऊन बसलं.

नाण्यांतही शत्रूची रीत आत आली. सातवाहनांची आपली नाणी तांबं, शिसं आणि पोटीनची. हत्ती, डोंगर, झाड अशा चिन्हांची, चेहऱ्याविना. नहपानाच्या मुखवट्यावर ठसा मारणाऱ्या घराण्यात पुळुमावीच्या काळी राजाचा स्वतःचा मुखवटा असलेली चांदीची नाणी पडू लागली, वजनही शक क्षत्रपांच्याच मापाचं. पुढे यज्ञ सातकर्णीनेही तीच रीत चालवली. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा त्यात याच यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं मिळालं: पुढे राजाचा मुखवटा, मागे उज्जैन चिन्ह आणि डोंगर.