ओळंबा आणि नकाशा
(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील आपल्या व्यवसायाचा अल्प इतिहास)

राजांचे व लढायांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत; परंतु ज्या हातांनी वाडे, घाट व कारखाने उभे केले, त्या हातांस ज्ञान कोठून प्राप्त झाले ह्याचा इतिहास लिहिण्याचे श्रम फारसे कोणी घेतलेले नाहीत. आपल्या ज्ञातीचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या दगड-चुन्यावर चालत आला. म्हणून निदान आपल्या परिसरापुरता तरी तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

पूर्वीचे काम चुन्याचे. भट्टीत भाजलेला चुना विरवून, त्यात वाळू वा सुरकी मिसळून तो बैलाच्या घाणीत दळला जाई. चुना पुरता मळला की नाही, हे कारागीर बोटांनी चाचपून सांगत. हे ज्ञान बापाच्या हातून मुलाच्या हाती जाई. ते कागदावर कधी उतरले नाही. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकी शिक्षणाची शाळा निघाली, आणि तेव्हापासून ह्या विद्येची दोन घरे झाली : एक पुस्तकात, दुसरे हातात. ह्या दोहोंची भेट होई ती केवळ कामाच्या जागेवर.

पुढे सिमेंट आले. १९१४ साली पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन सुरू झाले व हळूहळू चुन्याच्या घाण्या थांबल्या. चुना कारागिरासाठी थांबत असे. सिमेंट थांबत नाही. पाणी पडल्यावर थोड्याच अवधीत ते धरू लागते. त्यामुळे केवळ साहित्यच नव्हे, तर कामाची सारी चालच बदलावी लागली.

आपल्या भागात ह्या बदलास खरा वेग आला तो कारखान्यांमुळे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. ह्याच सुमारास टेल्को व बजाज ऑटो ह्यांचे कारखाने उभे राहिले. मोठी कंत्राटे मोठ्या कंपन्यांस मिळत; परंतु जोते, भिंती, गिलावा, सेंटरिंग ही कामे पोटकंत्राटाने लहान मुकादमांकडे येत. ही पोटकंत्राटेच आपल्या लोकांची शाळा ठरली. काँक्रीटसंबंधीचे भारतीय मानक १९५३ साली प्रसिद्ध झाले होते. ते इंग्रजीत होते व आपल्यापैकी कोणी वाचले नव्हते. ते आपल्यापर्यंत आले ओव्हरसिअरच्या तोंडून : पाणी जास्त घालू नका, गजाखाली ठोकळा ठेवा, स्लॅबवर पाणी मारीत राहा. काँक्रीटचे ठोकळे सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून फोडीत, तेव्हा आपले लोक भोवती उभे राहून पाहत आणि मनाशी खूणगाठ बांधीत.

आमचे वडील अशाच एका कामावर मुकादम होते. ओळंबा धरावा तर त्यांनीच. मात्र नकाशा वाचता येत नसे. रात्री ते निळा नकाशा घरी आणीत व आम्ही, वय वर्षे अकरा, कंदिलाच्या उजेडात त्यावरील आकडे वाचून दाखवीत असू. एकदा आम्ही आजारी पडलो. नकाशा वाचला गेला नाही आणि एका खांबाचे गज कमी पडले. तो खांब वडिलांस स्वखर्चाने पाडावा लागला. पुढे आम्ही शिक्षक झालो, शेकडो मुलांस अक्षरे शिकविली. परंतु वडिलांस नकाशा वाचावयास शिकवावे, हे आम्हांस कधी सुचले नाही. त्यांच्यासोबतचे जे दोघे-तिघे नकाशा वाचावयास शिकले ते ठेकेदार झाले. बाकीचे हातात कसब असूनही मजुरीवरच राहिले.

परंपरेचा अभिमान बाळगतानाही एक गोष्ट विसरता कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींची असंख्य घरे कोसळली. त्यांपैकी पुष्कळ भिंतींच्या दोन्ही अंगांस बांधून ठेवणारे आरपार दगडच नव्हते. हातातील विद्याही कालांतराने झिजते. ती पुस्तकाशी ताडून पाहावी लागते.

आज तोच प्रसंग चाकणला आला आहे. १९९९ साली बजाज ऑटोचा व २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना तेथे सुरू झाला. कारखान्यांच्या पोलादी शेडचे सांगाडे तयार होऊन येतात. पायातील बोल्ट जागच्या जागी नसतील तर सांगाडा बसत नाही. जमिनीच्या काँक्रीटमधील जादा पाणी यंत्राने ओढून घेतात. त्यास ट्रीमिक्स म्हणतात. लहान ठेकेदारास हे यंत्र भाड्याने मिळते; पण केव्हा सुरू करावे व केव्हा थांबवावे, ही समज भाड्याने मिळत नाही. ती एकाला येते, आणि तो दुसऱ्याकडे गेला की तीही त्याच्याबरोबर जाते.

म्हणून आमची ठेकेदार बंधूंस विनंती आहे की, प्रत्येकाने कामाची एक वही ठेवावी. कोणते प्रमाण वापरले, काय चुकले, ते कसे सुधारले, हे त्याच दिवशी मराठीत लिहावे. तसेच आपल्या कामावरील गवंड्यांस, मग ते कोणत्याही प्रांताचे वा ज्ञातीचे असोत, नकाशा वाचावयास शिकवावे. संस्थेने सभागृह दिल्यास रविवारी सायंकाळी हा वर्ग आम्ही विनावेतन चालवू. वडिलांच्या वेळी जे राहून गेले, ते आता तरी करावे, एवढीच इच्छा आहे.