चाकणचा खंदक आणि जंजिऱ्याचे पाणी

चाकणचे नाव आज मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. परंतु त्याच गावात संग्रामदुर्गाचे ढासळलेले अवशेष अद्यापि आहेत. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट शाइस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध सुमारे ५५ दिवस झुंजविला. अखेर मोगलांनी सुरुंगाने बुरूज उडविला आणि किल्ला पडला. ज्या खंदकावर त्याची भिस्त होती, तो शत्रूने जमिनीखालून ओलांडला. ही गोष्ट मनात धरून मुरुडजवळच्या राजापुरीहून जंजिऱ्यास जावे, म्हणजे या जलदुर्गाचे मर्म अधिक चांगले उमगते.

राजापुरीच्या धक्क्यावर शिडाची होडी मिळते. वारा अनुकूल असला म्हणजे प्रवास थोड्या वेळाचा. पण जवळ जाईपर्यंत तटाच्या काळ्या भिंतीत दरवाजा म्हणून दिसत नाही. होडी अगदी समोर येते तेव्हाच तो दृष्टीस पडतो, आणि लाटेचा तोल सांभाळून पायरीवर पाऊल टाकावे लागते. शस्त्र घेऊन येणाऱ्याची येथे काय गत होत असेल, हे त्या एका पावलात कळून येते.

तथापि जंजिरा केवळ भिंतींनी राखला, असे मानणे बरोबर होणार नाही. १६७० च्या सुमारास सिद्दी मोगलांच्या आश्रयास गेले आणि सुरतेच्या बाजूने त्यांस पैशाचे व आरमाराचे पाठबळ मिळू लागले. समुद्राची वाट ज्याला मोकळी, त्याची रसद तोडावी कशी? शिवाजीमहाराजांनी जवळच पद्मदुर्ग उभारला, तो हेच जाणून. १६८२ मध्ये संभाजीमहाराजांनी तर खाडीत दगड टाकून सेतू बांधण्याचा उद्योग आरंभिला; समुद्राची जमीन करावयाची, म्हणजे जंजिऱ्याचे चाकण करावयाचे! परंतु मोगल फौज कोकणात उतरली आणि ते काम अपुरे राहिले.

आत शिरल्यावर मात्र मन खिन्न होते. पडक्या वाड्यांच्या भिंती, गोड्या पाण्याचे तलाव, कलालबांगडी तोफ, सारे जागच्या जागी आहे. नाहीत ती माणसे. एके काळी या तटाच्या आत एक गावच नांदत होते. नबाबांनी मुरुडास राजवाडा बांधला, १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि विसाव्या शतकात उरलीसुरली कुटुंबेही किनाऱ्यावर गेली. जे पाणी शत्रूस आत येऊ देत नव्हते, तेच रोजच्या बाजारास, शाळेस आणि वैद्यास आडवे येऊ लागले.

चाकणचा कोट शत्रूने फोडला, पण गाव वाढत राहिले. जंजिऱ्याचा कोट अभंग राहिला, आणि गाव उठून गेले. परतताना होडीतून वळून पाहावे, तो दरवाजा पुन्हा भिंतीत लपलेला असतो.